‘आपण’ आणि ‘ती पोरं’

आमचे एक स्नेही १९९१ च्या ऑगस्टमध्ये अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात, म्हणजे ॲन आर्बर या गावी, दाखल झाले. आता ते डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतात आणि दोन वर्षांतून एकदा हिवाळ्यात पुण्यास येतात. त्यांच्यासोबत तेथे शिकलेले दोघे-तिघे मराठी मित्र पुण्यात स्थायिक झालेले आहेत. ही मंडळी एकत्र जमली की जेवणानंतर केव्हातरी विषय ‘फॅब फाइव्ह’वर येतो आणि मग आम्ही दोघे मराठीचे अध्यापक, ज्यांनी उभ्या आयुष्यात बास्केटबॉल हाती धरलेला नाही, श्रोत्याच्या भूमिकेत जातो. आम्ही त्या वेळी शाळेत होतो. त्या सामन्यांची आम्हांला प्रत्यक्ष आठवण असण्याचे कारण नाही. परंतु इतक्या वेळा ऐकून त्या आठवणीची एक संहिता आमच्यापाशी तयार झाली आहे आणि संहिता म्हटली की ती वाचण्याची खोड आमच्या व्यवसायाने आम्हांला लावलेली आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. स्नेही ज्या वर्षी गेले त्याच वर्षी मिशिगनच्या बास्केटबॉल संघात पाच नवी मुले आली. क्रिस वेबर आणि जेलन रोझ हे दोघे डेट्रॉइटचे, जुवान हॉवर्ड शिकागोचा, जिमी किंग आणि रे जॅक्सन टेक्ससचे. पाचही जण कृष्णवर्णीय, पाचही जण प्रथम वर्षाचे. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये प्रथम वर्षाच्या मुलाने बाकावर बसून थोरांचा खेळ पाहावा, अशी रीत होती. प्रशिक्षक स्टीव्ह फिशर यांनी ९ फेब्रुवारी १९९२ रोजी नोत्र दाम विद्यापीठाविरुद्ध या पाचांनाच प्रारंभापासून मैदानात उतरवले. त्या दिवशी संघाचे सर्व गुण या पाच जणांनीच मिळवले. दोन महिन्यांनी हा पोरसवदा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात होता. तेथे ड्यूक विद्यापीठाने त्यांना ७१-५१ असे सपशेल हरवले. पुढच्या वर्षी, एप्रिल १९९३ मध्ये, ते पुन्हा अंतिम सामन्यात गेले आणि नॉर्थ कॅरोलायनाकडून ७७-७१ असे हरले. म्हणजे हिशेबाने पाहिले तर या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले नाही, एवढेच नव्हे तर स्वतःच्या ‘बिग टेन’ गटाचे विजेतेपदही एकदाही मिळवले नाही. त्याच विद्यापीठाचा १९८९ चा संघ राष्ट्रीय विजेता होता, पण त्याच्याविषयी आमचे स्नेही एका वाक्यापलीकडे बोलत नाहीत. रात्री एकपर्यंत जागवतो तो हा हरलेला संघ.

का, याचे उत्तर ते सर्वजण एका शब्दात देतात. हा शब्द इंग्रजी असतो, आणि त्याला मराठी प्रतिशब्द कोणता यावर त्यांच्यात दरवेळी मतभेद होतो. एकाच्या मते ‘उद्धट’, दुसऱ्याच्या मते ‘बिनधास्त’, तिसऱ्याच्या मते ‘माज’. गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या ढगळ चड्ड्या (त्या काळी महाविद्यालयीन खेळाडूंच्या चड्ड्या आखूड असत), काळे मोजे, काळे बूट, तुळतुळीत डोकी. चेंडू जाळीत घातल्यावर प्रतिस्पर्ध्याच्या तोंडावर काहीतरी बोलणे, छाती पुढे काढणे, सामन्याआधीच जिंकल्याची भाषा करणे. आज यातील एकही गोष्ट कोणाच्या भुवया उंचावणार नाही. ढगळ चड्डी तर पुढे वीस वर्षे साऱ्या जगाची झाली. आमच्या महाविद्यालयाच्या जिमखान्यात ती घालणाऱ्या मुलांना ती कोठून आली हे ठाऊकही नव्हते.

‘माज’ या शब्दापाशी थोडे थांबावेसे वाटते. मराठीत हा शब्द कोणाविषयी वापरला जातो याची कोणी सलग नोंद ठेवली, तर आपल्या समाजाचा एक उभा छेद हाती येईल. सधन घरचा मुलगा शिक्षकांना उलट बोलला तर तो ‘लाडावलेला’ असतो. ज्याच्याकडून नम्रतेची अपेक्षा पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलेली आहे, असा मुलगा तेच बोलला तर तो ‘माजलेला’ असतो. शब्दाच्या अर्थात वर्तनाचे वर्णन कमी आणि वर्तन करणाऱ्याच्या जागेचे वर्णन अधिक. ॲन आर्बरमध्येही वेगळे काही घडत नव्हते. २०११ मध्ये या संघावर ‘द फॅब फाइव्ह’ नावाचा माहितीपट अमेरिकन क्रीडावाहिनीने दाखवला. त्यात त्या काळी विद्यापीठाच्या काही माजी विद्यार्थ्यांनी प्रशिक्षकांना पाठवलेली पत्रे वाचून दाखवली आहेत. त्यांतील वर्णद्वेषी शिव्या ऐकल्यावर कळते की तक्रार मोज्यांच्या रंगाविषयी नव्हती.

आमच्या स्नेह्यांच्या आठवणींत ही पत्रे येत नाहीत. ती त्यांना ठाऊक नसतील, हे मान्य. पण माहितीपट पाहून झाल्यावरही ती येत नाहीत. आता त्या आठवणींत माज आहे तो केवळ गमतीचा, फोटोतला. ‘काय पोरं होती रे!’ असे म्हणताना आवाजात जो लाड असतो, त्यात त्या पोरांच्या उद्धटपणाने कोणाला तरी खरोखरच घाम फुटला होता याची खूण उरलेली नाही.

यापेक्षाही आम्हांला अधिक महत्त्वाची वाटलेली गोष्ट व्याकरणाची आहे. इंग्रजीत चाहता ‘वुई’ म्हणतो आणि त्या एका सर्वनामात सारे भागते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. बोलणारा ऐकणाऱ्याला आत घेतो की बाहेर ठेवतो हे क्षणोक्षणी उघड होत जाते. आमचे स्नेही ही कथा मराठीत सांगतात, म्हणून ती ऐकताना एक चमत्कारिक आलेख दिसू लागतो. डिसेंबर १९९१ मध्ये ॲन आर्बरच्या क्रिस्लर अरीनात ड्यूकविरुद्ध सामना झाला आणि जादा वेळेत ८८-८५ असा निसटला. तो सांगताना ते म्हणतात, ‘आपण ड्यूकला जवळजवळ खाल्लं होतं.’ आपण! त्यात आम्हीही आलो, ज्यांनी त्या दिवशी सहामाही परीक्षेचे निकाल घरी दाखवायचे होते. ओहायो स्टेटला जादा वेळेत हरवले तेही ‘आपण’, १९९३ च्या उपांत्य सामन्यात केंटकीला हरवले तेही ‘आपण’. मग न्यू ऑर्लिन्सचा अंतिम सामना येतो. शेवटचे वीस सेकंद उरतात, मिशिगन दोन गुणांनी मागे, आणि चेंडू वेबरच्या हाती.

येथून पुढचे एकही क्रियापद ‘आपण’ या कर्त्याशी जुळत नाही. ‘त्याने’ चेंडू घेतला, ‘त्याचे’ पाऊल चुकले पण पंचाने पाहिले नाही, ‘तो’ धावत स्वतःच्याच बाकासमोरच्या कोपऱ्यात गेला, तेथे दोघांनी ‘त्याला’ कोंडले, आणि अकरा सेकंद उरले असताना ‘त्याने’ हातांनी खूण करून टाइमआउट मागितला. मिशिगनपाशी टाइमआउट शिल्लक नव्हता. नियमाने तांत्रिक फाउल झाला, कॅरोलायनाला दोन मुक्त फेका आणि पुन्हा चेंडू मिळाला, सामना संपला. त्या सामन्यात त्याच वेबरने २३ गुण मिळवले होते आणि ११ वेळा परतलेला चेंडू हस्तगत केला होता; ते गुण सांगताना मात्र स्नेही म्हणतात, ‘आपले तेवीस त्यानेच काढले होते.’ गुण आपले, टाइमआउट त्याचा.

ही त्यांची अप्रामाणिकता आहे, असे आम्ही म्हणत नाही. चाहत्याचे प्रेम असेच असते, आणि वीस वर्षांच्या मुलाच्या हातून कोट्यवधी लोकांसमोर झालेली चूक पुन्हा सांगताना कोणाचाही जीव आखडावा. पण ‘आपण’ आणखी एकदा आखडते आणि तेथे प्रेमाचे कारण पुरत नाही.

तो प्रसंग पैशाचा. डेट्रॉइटमधील एड मार्टिन नावाचा गृहस्थ, फोर्ड कंपनीतील निवृत्त वीजतंत्री, मोटार कारखान्यांत बेकायदा आकडा चालवीत असे. त्याने मिशिगनच्या चार खेळाडूंना मिळून ६,१६,००० डॉलर दिल्याचे सरकारी वकिलांचे म्हणणे होते. या चौघांत पाचांपैकी एकटा वेबर होता; उरलेले तिघे नंतरच्या संघांतील. मार्टिनने २००२ मध्ये गुन्हा कबूल केला. वेबरने २००३ मध्ये, ज्यूरीपुढे खोटे सांगितल्याबद्दल, न्यायालयाच्या अवमानाचा गुन्हा कबूल केला. विद्यापीठाने नोव्हेंबर २००२ मध्येच १९९२ च्या फायनल फोरचे दोन्ही सामने आणि १९९२-९३ चा संपूर्ण हंगाम स्वतःच्या नोंदींतून रद्द केला, आणि क्रिस्लर अरीनाच्या छतावरचे त्या दोन वर्षांचे बॅनर उतरवले. पुढच्या वर्षी महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने वेबरशी विद्यापीठाने २०१३ पर्यंत कोणताही संबंध ठेवू नये असा आदेश दिला.

स्नेह्यांच्या कथेत हे सारे एका वाक्यात येते: ‘मग ते पैशाचं काहीतरी झालं.’ काहीतरी झालं. मराठीच्या विद्यार्थ्यांना अकर्तृक क्रियापदे शिकवताना आम्ही ‘उजाडले’, ‘सांजावले’ अशी उदाहरणे देतो. हे वाक्य त्याच कुळातले व्हावे असा त्याचा प्रयत्न असतो, जणू पैसा हा हवामानाचा प्रकार आहे.

विद्यापीठाची कृती तर व्याकरणदृष्ट्या अधिकच विलक्षण आहे. या प्रकारात सामना रद्द झाला म्हणून प्रतिस्पर्ध्याला विजय मिळत नाही. मिशिगनचे विजय पुसले गेले, पण त्यांच्याकडून हरलेल्या संघांचे पराभव तसेच राहिले. म्हणजे केंटकी हरली, परंतु तिला कोणीही हरवले नाही. अंतिम सामना कॅरोलायना जिंकली हे कायम, पण समोर कोण होते हे विचारू नये. आणि त्या हंगामात तिकिटांचे, दूरदर्शन-हक्कांचे, जर्सीविक्रीचे जे उत्पन्न झाले त्यातील बऱ्याचशा भागावर मात्र ‘आमचे’ हा शिक्का तीस वर्षे अबाधित आहे. मिच आल्बम या पत्रकाराने (हा नंतर मॉरी नावाच्या प्राध्यापकावरील पुस्तकामुळे आपल्याकडेही वाचला गेला) १९९३ मध्येच या संघावर पुस्तक लिहिले. त्यात दुकानाच्या काचेआड स्वतःच्या क्रमांकाची जर्सी विक्रीला टांगलेली पाहणारा, आणि खिशात पैसे नसलेला, वेबर आहे. तो प्रसंग वाचल्यावर बॅनर उतरवण्याच्या समारंभातील नैतिक गांभीर्य आम्हांला फारसे झेपत नाही.

येथे आम्हां दोघांत मतभेद आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, काळाने या मुलांच्या बाजूने निवाडा दिला आहे. १ जुलै २०२१ पासून अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ लागली, आणि पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. ज्यासाठी एक हंगाम पुसला गेला, तो आज करारनामा आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की हे अर्धेच खरे आहे. आकड्याच्या धंद्यातला पैसा आणि शपथेवर सांगितलेले खोटे, या गोष्टी २०२५ च्या नियमांतही बसत नाहीत, आणि नियम अन्यायकारक होता म्हणून तो मोडणाऱ्याची प्रत्येक कृती उदात्त ठरवणे हाही स्मरणरंजनाचाच एक प्रकार झाला. या दुसऱ्या मतात तथ्य आहे हे पहिल्याने मान्य केले आहे, मात्र जरा उशिरा.

माहितीपटाचा एक निर्माता स्वतः जेलन रोझ. वेबरने त्यात भाग घेतला नाही, आणि ही अनुपस्थितीच त्या चित्रपटातील सर्वांत बोलकी व्यक्तिरेखा आहे. परंतु तो गाजला तो रोझच्या एका उद्गारामुळे. तरुणपणी आपल्याला ड्यूक विद्यापीठाचा राग येत असे, कारण ते आपल्यासारख्या मुलांना घेत नसत. जे कृष्णवर्णीय खेळाडू ते घेत ते ‘अंकल टॉम’ असत असे आपल्याला वाटे, असे तो म्हणाला. ड्यूकचा तेव्हाचा खेळाडू ग्रँट हिल याने वृत्तपत्रात लेख लिहून उत्तर दिले. आपल्या आईवडिलांनी शिकून घर उभे केले, हा काही वंशाशी द्रोह नव्हे, असा त्याचा रोख होता. साहित्याच्या विद्यार्थ्याला या वादात एक निराळीच गंमत दिसते. हॅरिएट बीचर स्टोव हिच्या १८५२ च्या कादंबरीतील टॉम हा मालकाचा खुशमस्कऱ्या नाही. पळून गेलेल्या दोन स्त्रियांचा ठावठिकाणा सांगण्यास तो नकार देतो आणि त्यासाठी मार खाऊन मरतो. पुढच्या काळातील नाट्यरूपांतरांनी, प्रहसनांनी आणि वापराने त्याला लाचार केले. एका पात्राची सहनशीलता आधी सुरक्षित आणि मग हास्यास्पद करून टाकणारी ती प्रक्रिया, आणि पाच मुलांचा उद्धटपणा आधी गुन्हा व मग गोंडस करून टाकणारी ही प्रक्रिया, या दोहोंचे नाते रोझ आणि हिल यांच्या भांडणापेक्षा अधिक जवळचे आहे असे आम्हांला वाटते.

आणि हे काही केवळ अमेरिकेतच घडते असे नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. तिच्यातून आणि तिच्याभोवती लिहिल्या गेलेल्या कवितेवर पहिला आक्षेप भाषेचा होता: शिवराळ, उर्मट, असंस्कृत. आज तीच कविता आम्ही पदवीच्या वर्गाला शिकवतो. ‘विद्रोही कवितेची भाषिक वैशिष्ट्ये लिहा’, गुण पाच. मुले चार मुद्दे लिहितात आणि आम्ही चार खुणा करतो. त्या कवितेने ज्यांना अस्वस्थ केले त्यांची पत्रे, त्यांचे अग्रलेख, त्यांची कुजबूज आम्ही अभ्यासक्रमात ठेवलेली नाही. त्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांना ती कविता कोणावर तरी ओरडते आहे हे कळते, पण समोर कोण उभे होते हे कळत नाही. मिशिगनच्या नोंदवहीप्रमाणेच आमच्या टाचणवहीतही एकच बाजू खेळताना दिसते. स्नेह्यांच्या ‘आपण’वर बोट ठेवताना हे आमचे बोट थोडे थरथरले, हे नमूद केलेले बरे.

अधिकृत विस्मरण आणि गोड स्मरण यांना आपण सहसा एकमेकांचे शत्रू मानतो. विद्यापीठाने बॅनर उतरवला, चाहत्यांनी तो मनात जपला, असे हे चित्र. आमचा अनुभव निराळा आहे. विद्यापीठाने सामने पुसले, चाहत्यांनी त्या सामन्यांतली धार. विद्यापीठ म्हणते ती मुले आमची नव्हेत. चाहते म्हणतात ती आपलीच, पण चड्डीपुरती, डंकपुरती, नोत्र दामच्या त्या दुपारपुरती. १९९३ नंतर वेबर व्यावसायिक संघात गेला, वर्षभराने रोझ आणि हॉवर्ड गेले. किंग आणि जॅक्सन १९९५ पर्यंत, चारही वर्षे तेथेच खेळले. या शेवटच्या दोघांविषयी आम्ही इतक्या बैठकांत एकही किस्सा ऐकलेला नाही. जे राहिले त्यांच्या गोष्टी होत नाहीत.

उतरवलेले ते दोन बॅनर नष्ट करण्यात आले नाहीत. ते विद्यापीठाच्याच बेंटली ऐतिहासिक ग्रंथालयात, जुन्या कागदपत्रांसोबत ठेवण्यात आले. नोंदवहीने जे घडलेच नाही असे म्हटले त्याचा पुरावा दप्तरखान्याने सांभाळावा, ही व्यवस्था आम्हांला मनापासून आवडली. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्यांची कथा लहानपणापासून ऐकलेल्या आपल्यासारख्यांना ती फारशी अनोळखीही वाटू नये. फरक इतकाच की येथे बुडवणारा आणि तारणारा एकच.

गेल्या खेपेस आम्ही धीर करून स्नेह्यांना विचारले, की टाइमआउटच्या क्षणी ‘आपण’ कोठे जातो? त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. आम्ही त्यांचीच वाक्ये त्यांना म्हणून दाखवली. ते थोडे रागावले. आम्ही काय वर्गात बसलो आहोत का, असेही म्हणाले. मग गप्प झाले. वेबरला बाकावरून कोणी टाइमआउट घे म्हणून ओरडले की नाही यावर तेथे आजही वाद होतो, त्यावर त्यांचे मित्र काही बोलू लागले. त्यांना थांबवून ते म्हणाले, ‘बाकाचं मला माहीत नाही. आम्ही बारा जण होतो टीव्हीसमोर, एका खोलीत. आम्ही सगळे ओरडलो होतो. टाइमआउट घे, टाइमआउट घे. मीही.’

नंतर बराच वेळ कॅरोलायनाच्या त्या दोघांनी कोपरा कसा धरला होता यावर बोलणे चालले.